फुजीचा पाऊस

मोटारींच्या शर्यती हा माझा विषय नव्हे. गेली तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते. वेगाशी संबंध आला तो काळ-काम-वेगाच्या उदाहरणांपुरता. घरात गाडी होती म्हणायची तर अब्बांचा ट्रक, आणि तोही आमचा नव्हता, मालकाचा होता. कराडला माल भरायचा, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला खाली करायचा, ही अब्बांची नेहमीची वाट. भरलेला ट्रक घाट चढताना माणूस शेजारून बोलत बोलत चालत जाईल एवढाच त्याचा वेग. तासाला तीनशे किलोमीटरनं धावणाऱ्या गाड्यांबद्दल मी कधी काही लिहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मला हसू आलं असतं.

हे वेड घरात आणलं माझ्या मुलानं. नववीत असताना त्याला फॉर्म्युला वनचा नाद लागला. एका दोनशे पानी वहीत तो प्रत्येक शर्यतीचे गुण लिहून ठेवायचा. मी रागावले तर म्हणाला, "अम्मी, हे तुझंच खातं आहे. इथंही गुणच असतात." मी वही बघितली. खरंच होतं. वर्षभर शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीत क्रमांकानुसार गुण मिळतात, आणि वर्षाअखेर ज्याची बेरीज जास्त तो जगज्जेता. बेरीज म्हटल्यावर माझा विरोध थोडा ढिला पडला.

२ नोव्हेंबर २००८, रविवार. दिवाळीची सुट्टी होती. त्या वर्षातली अठरावी आणि शेवटची शर्यत ब्राझीलमध्ये साओ पावलोला होती. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. अम्मीच्या पश्चात अब्बा आमच्याकडेच राहायचे. तेही नातवाशेजारी येऊन बसले. ब्रिटनच्या लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण होते आणि ब्राझीलच्या फेलिपे मासाचे ८७. पहिल्याला तेव्हा १० गुण मिळत, पाचव्याला ४. मासा जिंकला तर त्याचे ९७ होणार. मग हॅमिल्टनला किमान पाचवं यायला हवं. सहावा आला तर दोघांचे ९७-९७, आणि वर्षभरात जास्त शर्यती जिंकल्या म्हणून मान मासाचा. मुलानं हे सगळं नानांना समजावलं. अब्बा म्हणाले, "म्हणजे एकाला फक्त पुढं बघायचंय, आणि दुसऱ्याला मागं-पुढं दोन्हीकडं."

पुढे अनेक जाणकारांचं लिहिलेलं मी वाचलं, पण त्या रात्रीचं दडपण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही. मासाला जिंकण्यावाचून दुसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे त्याचं मन मोकळं होतं. गावही त्याचंच, गर्दीही त्याचीच. हॅमिल्टन मात्र तेवीस वर्षांचा. आदल्या वर्षी दोन शर्यती बाकी असताना हा मुलगा सगळ्यांच्या पुढं होता. चीनमध्ये झिजलेल्या टायरवर जास्त वेळ राहिला आणि पिटच्या वळणावर वाळूत रुतून बसला. मग ब्राझीलमध्ये सातवा आला आणि किमी रायकोनेन ११० विरुद्ध १०९ अशा एका गुणानं जगज्जेता झाला. ती आठवण मानेवर घेऊन हॅमिल्टन त्या रात्री गाडी चालवत होता.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या आणि पाऊस आला. बहुतेकांनी आत येऊन पावसाळी टायर चढवले. टिमो ग्लॉक कोरड्या टायरवरच थांबला आणि पुढं गेला. त्यातच फेटेलनं हॅमिल्टनला मागं टाकलं. हॅमिल्टन सहावा. मासानं पहिल्या क्रमांकानं रेषा ओलांडली. त्याच्या घरची माणसं उड्या मारू लागली, एकमेकांच्या गळ्यात पडली. आमचा मुलगा रडायच्या बेताला आला, कारण तो हॅमिल्टनचा. इतक्यात शेवटच्या फेरीच्या अगदी शेवटच्या वळणांवर ग्लॉकची गाडी ओल्या रस्त्यावर घसरू लागली आणि हॅमिल्टन तिच्या शेजारून निघून गेला. पाचवा. ९८ विरुद्ध ९७.

मुलगा नाचत होता. अब्बा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, त्या दुसऱ्याला बघ."

मासा विजेत्याच्या चौथऱ्यावर उभा होता. शर्यत त्यानं जिंकली होती, जगज्जेतेपद गेलं होतं. डोळ्यांत पाणी होतं. छातीवर हात मारून तो आपल्या लोकांना मानवंदना देत होता. त्यानं त्या रात्री कुणाला दोष दिला नाही. खरं तर दोष द्यायला जागा होती. हंगेरीत तो पहिला असताना, तीन फेऱ्या बाकी असताना त्याचं इंजिन गेलं होतं. सिंगापूरला पेट्रोलची नळी गाडीला तशीच अडकलेली असताना त्याला सोडलं गेलं. त्याच शर्यतीत एका स्पर्धकानं संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी ठोकली होती, हे दुसऱ्या वर्षी उघड झालं. पुढे २०२४ मध्ये मासानं लंडनच्या न्यायालयात दादही मागितली. पण त्या रात्री तो नुसता उभा राहिला. त्यानंतर तो कधीच शर्यत जिंकला नाही.

"एका गुणासाठी माणूस असा जातो, नाना," मुलगा म्हणाला. "पूर्वीही गेलाय. निकी लाउडा." आणि झोपायचं सोडून त्यानं नानांना १९७६ सालची गोष्ट सांगायला घेतली.

ऑस्ट्रियाचा लाउडा आदल्या वर्षीचा जगज्जेता होता आणि त्याही वर्षी पुढं होता. १ ऑगस्टला जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला त्याची गाडी कड्याला आदळून पेटली. इतर चार स्पर्धकांनी थांबून त्याला आगीतून ओढून काढलं. तोंड, डोकं भाजलं, विषारी धूर फुप्फुसात गेला. इस्पितळात पाद्री येऊन अखेरची प्रार्थनाही म्हणून गेला. आणि हा माणूस सहा आठवड्यांत, १२ सप्टेंबरला, इटलीत मोंझाला पुन्हा गाडीत बसला. जखमा ओल्या होत्या, पट्ट्या रक्तानं भिजत होत्या. चौथा आला.

तोवर ब्रिटनच्या जेम्स हंटनं अंतर भरून काढत आणलं होतं. २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजीला शेवटची शर्यत. लाउडा ६८, हंट ६५. आणि सकाळपासून मुसळधार पाऊस. रस्त्यावर पाण्याचे लोट, पुढच्या गाडीचं पाणी उडून काही दिसत नव्हतं. लाउडाच्या पापण्या भाजल्यामुळे त्याला डोळेही नीट मिटता येत नव्हते. शर्यत बराच वेळ लांबली आणि अखेर सुरू केली गेली. लाउडानं दोन फेऱ्या मारल्या, गाडी आत आणली आणि उतरला.

"पाऊस थांबला का नंतर?" अब्बांनी विचारलं.

"थांबला ना. रस्ता सुकतसुद्धा गेला."

"आणि बाकीचे?"

लाउडासारखे आणखी दोघे-तिघे थांबले होते. बाकीचे चालवत राहिले. हंटला टायर बदलायला आत यावं लागलं, तो पाचवा झाला, मग चवताळल्यासारखा चालवून तिसरा आला. तिसऱ्याचे चार गुण. ६९ विरुद्ध ६८. उतरल्यावर आपण जगज्जेते झालोय हे त्याला खरंच वाटेना, तो आपल्याच माणसांवर ओरडत होता.

"आणि नाना, गंमत सांगू? लाउडा उतरला तेव्हा फेरारीचा मुख्य तंत्रज्ञ फोर्गिएरी त्याला म्हणाला, आपण सांगू इंजिन बिघडलं. लाउडा म्हणाला, नाही. मी थांबलो, हेच सांगायचं."

अब्बा काही बोलले नाहीत. उठले, पाण्याचा तांब्या घेतला आणि आत झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "बैस." अब्बा आमच्याशी मराठीच बोलायचे. मन हललं की मात्र घरच्या बोलीवर यायचे.

"पंप को कुछ नई हुआ था, बेटा. मैं डर गया था."

कुठला पंप, हे मला विचारावं लागलं नाही.

१९८१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी दहा वर्षांची होते. अब्बा टोमॅटो आणि भाजीपाला घेऊन चिपळूणला निघाले होते. घाटाच्या अलीकडे ओढ्यावर एक फरशी पूल होता, त्यावरून पाणी चाललं होतं. अब्बा रात्रभर तिथंच थांबले. माल नासला. पोचल्यावर त्यांनी सांगितलं की, पंपानं हवा धरली होती, सकाळी काढली. त्या मोसमात मालकानं नवी गाडी घेतली होती आणि ती अब्बांना मिळणार असं सगळे धरून होते. ती दुसऱ्या ड्रायव्हरला गेली. त्या ड्रायव्हरची मुलगी माझ्या वर्गात होती. ती मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझे अब्बा घाबरले, माझे बाबा त्याच रात्री पलीकडे गेले." मी तिच्या थोबाडीत मारली. शिक्षकांनी मला उभं केलं. मी तासभर उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, पंप बिघडला होता, पंप बिघडला होता.

पंप बिघडला नव्हता.

अब्बा सांगत होते. पुलाशी ते उतरले, काठीनं पाणी बघितलं. फरशीची कड कुठं संपते ते कळत नव्हतं. मागून तीन ट्रक आले. एकामागून एक तिन्ही गेले. तिन्ही सुखरूप पोचले. "उनमें से एक भी जाता ना," अब्बा म्हणाले आणि थांबले. मग मराठीत म्हणाले, "नको, असं म्हणू नये. पण मनात यायचं. काहीतरी झालं असतं तर लोक म्हणाले असते, शहाणा होता. काही झालंच नाही."

इंजिनाचं निमित्त फुजीला तंत्रज्ञानं सुचवलं. पुलाशी ते सुचवलं होतं क्लीनरनं. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. म्हणाला, चाचा, पंपानं हवा धरली असं सांगू, मी पण तेच सांगतो. अब्बांनी तसंच सांगितलं. अब्बांचा पगार वाचला. मालकानं विचारलं, हवा धरलीच कशी? फिल्टर ढिला कुणी ठेवला? आणि क्लीनरला काढून टाकलं. पोरानं तोंडातून शब्द काढला नाही. वर्षभरानं तो अब्बांना एका हॉटेलात कपबश्या धुताना दिसला. त्यानं सलाम केला. अब्बा चहा न पिता निघून आले.

"तो तुझा लाउडा," अब्बा म्हणाले, "इंजिनवर ढकलला असता तर कुणाचं तरी नाव आलंच असतं. इंजिन कुणीतरी बांधलेलं असतं."

मी काय बोलणार? त्या मुलीला मारलेली थोबाडीत सत्तावीस वर्षांनी माझ्याच गालावर आली होती.

त्या दिवसापासून मी या शर्यतींबद्दल मिळेल ते वाचू लागले. मुलाला वाटलं, अम्मीला पण नाद लागला. मला वेग कळत नव्हता, अजूनही फारसा कळत नाही. मी एवढंच बघत होते की, शेवटच्या क्षणी माणूस काय करतो, आणि नंतर त्याबद्दल काय सांगतो. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीचे गुण फलकावर लागतात, दुसरीचे लागत नाहीत.

ब्राझीलच्या आयर्टन सेनानं १९९० साली जपानमध्ये सुझुकाला पहिल्याच वळणावर फ्रान्सच्या अॅलन प्रॉस्टच्या गाडीला धडक दिली. दोघेही बाहेर, आणि गुणांत पुढं असल्यामुळे सेना जगज्जेता. आदल्या वर्षी तिथंच दोघांची टक्कर होऊन मान प्रॉस्टला गेला होता. शिवाय सुरुवातीची जागा रस्त्याच्या चांगल्या बाजूला द्या ही सेनाची मागणी नाकारली गेली होती. राग समजण्यासारखा होता, कृत्य नव्हे. जीव गेले असते. पण वर्षभरानं, पुन्हा जगज्जेता झाल्यावर, सेनानं ते जाणूनबुजून केल्याचं उघडपणे सांगितलं. त्यामुळे धडक योग्य ठरत नाही. पण खरं काय घडलं, हे जगाला त्याच्याच तोंडून कळलं.

लाउडाचंही मला आणखी एक सापडलं. मोंझाला सहा आठवड्यांनी परतला तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की, भीतीवर मी मात केली. पुढे आत्मचरित्रात त्यानं कबूल केलं की, ते खोटं होतं. तो पार घाबरलेला होता. मी हे अब्बांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसले. "म्हणजे एकदा खोटं बोलला, एकदा खरं. मग आपल्यातलाच म्हणायचा," म्हणाले. मग जरा वेळानं, "पण त्याच्या खोट्यानं कुणाची रोजी गेली नाही."

लोक म्हणतात, १९७६ चं जगज्जेतेपद हंटनं कमावलं की लाउडानं घालवलं? गणिताची शिक्षिका म्हणून मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बेरजेतला शेवटचा आकडा शेवटी येतो म्हणून तो मोठा होत नाही. जर्मनीनंतर लाउडा दोन शर्यती खेळूच शकला नाही, ते गुणही त्यातच आहेत. हंटनं ते पद पावसात चालवून, मागं पडून पुन्हा पुढं येऊन कमावलं, त्यात काही खोट नाही. लाउडानंही फुजीला काहीतरी कमावलं, ते फक्त त्या वर्षीच्या तक्त्यात दिसत नाही.

त्यानंतर १९७७ ला लाउडा पुन्हा जगज्जेता झाला, मग दोन वर्षांनी शर्यती सोडल्या, मग परत आला. १९८४ साली तो आणि प्रॉस्ट एकाच मॅक्लारेन संघात होते. प्रॉस्ट तरुण, जास्त वेगवान. प्रॉस्टनं सात शर्यती जिंकल्या, लाउडानं पाच. शेवटची शर्यत पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला. ती प्रॉस्टनंच जिंकली. लाउडा अकराव्या जागेवरून निघाला, एकेकाला मागं टाकत दुसरा आला. दुसरा यायला हवं होतं, तेवढंच. ७२ विरुद्ध साडेएकाहत्तर. अर्धा गुण.

हा अर्धा गुण आला कुठून? मोनॅकोतून. त्या वर्षी तिथं धो धो पाऊस झाला आणि शर्यत एकतिसाव्या फेरीलाच थांबवली गेली. प्रॉस्ट पहिला होता, पण अर्धी शर्यत म्हणून नवाऐवजी साडेचार गुण मिळाले. थांबवा, अशी खूण तो स्वतःच करत होता. शर्यत पुरी होऊन तो दुसरा जरी आला असता तरी सहा गुण मिळाले असते आणि वर्षाअखेर तोच जगज्जेता ठरला असता. पावसात थांबून लाउडानं एक पद एका गुणानं घालवलं, आणि आठ वर्षांनी पावसात थांबलेल्या शर्यतीमुळे दुसरं अर्ध्या गुणानं मिळवलं. यात न्याय आहे असं मी म्हणत नाही. वर्गातल्या मुलांना मी असं शिकवतही नाही. अब्बांना नवी गाडी पुढं कधीच मिळाली नाही.

अब्बा २०१४ साली गेले. लाउडा २० मे २०१९ ला गेला.

१२ डिसेंबर २०२१ ला, अबू धाबीची शेवटची शर्यत होती तेव्हा, मुलगा पुण्यात नोकरीला होता. आम्ही दोघं फोन कानाला लावून बघत होतो. हॅमिल्टन आणि मॅक्स फेरस्टापेन दोघांचेही तीनशे साडेएकोणसत्तर, म्हणजे ३६९.५ गुण. हा अर्धाही पावसाचाच, बेल्जियमची शर्यत पावसामुळे अर्ध्या गुणांवर सोडली होती. अठ्ठावन्न फेऱ्यांपैकी त्रेपन्नाव्या फेरीपर्यंत हॅमिल्टन आरामात पुढं. मग मागं एका गाडीचा अपघात, सेफ्टी कार आली. फेरस्टापेननं नवे टायर घेतले. हॅमिल्टन जुन्याच टायरवर राहिला, आत आला असता तर जागा गेली असती. दोघांच्या मधल्या पाच गाड्यांनाच पुढं जाऊ दिलं, बाकीच्यांना नाही, आणि शर्यत एका फेरीसाठी सुरू झाली. फेरस्टापेननं पाचव्या वळणावर त्याला मागं टाकलं. पुढच्या वर्षीच्या चौकशीत नियम लावताना माणसाची चूक झाल्याचं म्हटलं गेलं. निकाल तसाच राहिला.

फोनवर मुलगा गप्प होता. २००८ ला ज्याला शेवटच्या वळणावर मिळालं, त्याचंच शेवटच्या फेरीत गेलं. हॅमिल्टन गाडीतून उतरला आणि जाऊन फेरस्टापेनला मिठी मारली. फेरस्टापेनबद्दलही मी म्हणेन की, संधी एकाच फेरीची होती आणि तो चुकला नाही. निर्णय त्याचा नव्हता, चालवणं त्याचं होतं.

"नाना असते तर काय म्हणाले असते?" मुलानं विचारलं.

"म्हणाले असते, त्या दुसऱ्याला बघ."

अब्बांनी त्या क्लीनरला शोधायचा प्रयत्न केला होता. २००८ च्या त्या सकाळनंतर माझ्या मुलाला घेऊन ते दोनदा जाऊन आले. हॉटेल राहिलं नव्हतं. माणसाचा पत्ता लागला नाही. त्यांनी मला त्याचं नाव सांगितलं होतं, ते मी इथं लिहीत नाही. तो कुठं असेल तर साठीच्या पुढं असेल. कदाचित त्याच्या मुलांनी शाळेत कुणाकडून तरी ऐकलं असेल की, तुमचा बाप फिल्टर घट्ट करायला विसरला.

मागं एकदा बोलता बोलता अब्बा म्हणाले होते, "तू लिहितेस ना? मग कधीतरी लिही."

म्हणून लिहिते. फिल्टर घट्ट होता. पंप बिघडला नव्हता. पाणी फार होतं, आणि माझे अब्बा थांबले.